खनिज तेल अभियांत्रिकी : भूतापीय ऊर्जा व कार्बन साठवण यांतील उपयोग

खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे साठे शोधणे, त्यांच्यापर्यंत विहीर खोदणे आणि खडकातील दाबाचे गणित मांडून ते भूपृष्ठावर आणणे, यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जी विद्या घडत गेली तिला खनिज तेल अभियांत्रिकी म्हणतात. ही विद्या पुढे आणखी दोन कामांना लावण्यात आली. पृथ्वीच्या पोटातील उष्णता वर आणणे (भूतापीय ऊर्जा) हे पहिले काम होय. इंधनांच्या ज्वलनातून व कारखान्यांतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू खोल खडकांत पुरून ठेवणे (कार्बन साठवण) हे दुसरे. पहिले काम उपशाचे आहे, तर दुसरे भरण्याचे. तथापि दोन्हींत विहीर, खडक, द्रव व दाब हेच चार घटक असल्याने तेलक्षेत्रातील उपकरणे त्यांत सहज रुजली. उपकरणांबरोबर तेलक्षेत्रातील काही गृहीतेही आली. वर येणारा द्रव मौल्यवान असतो, तो सच्छिद्र गाळखडकांत सापडतो आणि विहीर बुजविली की जबाबदारी संपते, ही ती गृहीते. यांपैकी एकही नव्या कामांत पुरतेपणी टिकले नाही. या विद्येच्या स्थलांतराचा इतिहास हा बऱ्याच अंशी ही गृहीते सुटत गेल्याचा इतिहास आहे.

विद्येची घडण : एडविन ड्रेक यांनी १८५९ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टायटसव्हिल (पेनसिल्व्हेनिया) येथे खोदलेली तेलविहीर सु. २१ मी. खोल होती. जड पहार दोराने उचलून आपटावयाची, ही तेव्हाची पद्धत होती. ती मिठागराच्या विहिरी खोदणाऱ्यांकडून घेतलेली होती; म्हणजे तेल अभियांत्रिकीची सुरुवातही उसनवारीनेच झाली. टेक्सस राज्यातील स्पिंडलटॉप येथे १९०१ मध्ये तेलाचा प्रचंड फवारा उसळला, त्यानंतर फिरत्या दंडाने खोदण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत पोकळ दंडातून चिखलाचा पातळ काला खाली सोडतात. तो खोदलेला चुरा घेऊन बाहेरच्या बाजूने वर येतो, बिट थंड ठेवतो आणि आपल्या वजनाने विहिरीच्या भिंती व खडकातील द्रवाचा दाब आवरून धरतो. चिखलाचे वजन कमी पडले तर विहीर उसळते, जास्त झाले तर खडक फुटून चिखल त्यात जिरतो. या दोन मर्यादांमधून वाट काढणे हे वेधन अभियंत्याचे मुख्य कौशल्य मानले जाते. विहिरीत बसविलेला पोलादी नळ (केसिंग) व खडक यांमधील फटीत सिमेंट भरण्याचे तंत्र १९२० च्या सुमारास अर्ल हॅलिबर्टन यांनी व्यापारी पायावर आणले.

विहिरीत उतरून पाहता येत नाही, ही या विद्येची मूळ अडचण होती. तिच्यावरचा पहिला मोठा उपाय फ्रान्समधील अल्सेस प्रांतात पेशेलब्रॉन येथे सापडला. तेथे ५ सप्टेंबर १९२७ रोजी श्लंबर्जर बंधूंच्या सहकाऱ्यांनी विहिरीत विद्युत् अग्रे सोडून निरनिराळ्या खोलींवर खडकाचा विद्युत् रोध मोजला. मापने हाताने घेऊन कागदावर मांडली. खारे पाणी विजेचे वहन करते, तेल करीत नाही. त्यामुळे त्या आलेखावरून कोणत्या थरात काय असावे याचा अंदाज करता येऊ लागला. दुसरा उपाय गणिताचा होता. दीझों शहराच्या पाणीपुरवठ्याचे अभियंता आंरी दार्सी यांनी वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम १८५६ मध्ये मांडला होता. मॉरिस मस्कट यांच्या १९३७ मधील ग्रंथात सच्छिद्र खडकांतील द्रवप्रवाहाचे गणित विस्ताराने आले. त्याच सुमारास साठ्यातून काढलेला द्रव व घटलेला दाब यांचा ताळेबंद मांडून साठ्याचे आकारमान काढण्याची रीतही प्रचारात आली. हॉर्नर यांनी १९५१ मध्ये मांडलेली चाचणी तर अगदी साधी आहे. वाहती विहीर बंद करावयाची आणि दाब पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो ते पाहावयाचे. दाब झपाट्याने वाढला, तर खडकाची पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) चांगली. रेंगाळला, तर वाईट. विहिरीत दाबाने द्रव घुसवून खडकाला तडे पाडण्याचा (जलीय भंजनाचा) पहिला प्रयोग कॅनझस राज्यातील ह्यूगोटन वायुक्षेत्रात १९४७ मध्ये झाला. तो फारसा यशस्वी झाला नाही. तंत्र मात्र टिकले.

वाफेची क्षेत्रे : इटलीतील तस्कनी प्रांतात लार्देरेल्लो येथे जमिनीतून निघणाऱ्या वाफेपासून एकोणिसाव्या शतकात बोरिक अम्ल काढीत असत. या कारखान्याचे प्रमुख पीएरो जिनोरी कोंती यांनी ४ जुलै १९०४ रोजी त्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या यंत्राच्या साह्याने पाच विजेचे दिवे लावून दाखविले. २५० किलोवॉटचे व्यापारी वीजकेंद्र १९१३ मध्ये सुरू झाले. न्यूझीलंडमधील वाइराकेई येथे १९५८ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. तेथे कोरडी वाफ नव्हती, अतितप्त पाणी होते. विहिरीत वर चढताना त्याचा दाब उतरे व काही भागाची वाफ होई. १९६० मध्ये तेथील क्र. २०४ ची विहीर उसळून आजूबाजूची जमीन फोडून बाहेर आली आणि दीर्घकाळ वाफ ओकत राहिली. पाण्याच्या उपशाने वाइराकेईच्या परिसरातील काही जमीनही पुढे अनेक मीटर खचली. उष्णतेचा उपसा हा निरुपद्रवी व्यवहार नाही, हे येथे प्रथम ठळकपणे दिसून आले.

तेल अभियांत्रिकी व भूतापीय ऊर्जा यांची खरी गाठ कॅलिफोर्नियातील ‘द गायझर्स’ या क्षेत्रात पडली. तेथे १९२० च्या दशकात काही विहिरी खोदल्या गेल्या होत्या, पण विजेला गिऱ्हाईक न मिळाल्याने प्रयत्न सोडण्यात आला. १९६० मध्ये तेथे ११ मेगॅवॉटचे पहिले केंद्र सुरू झाले आणि १९६७ मध्ये युनियन ऑइल ही तेल कंपनी या क्षेत्रात उतरली. तिचे वेधक तेलक्षेत्रातले सर्व साहित्य घेऊन आले आणि पहिल्या काही विहिरींतच त्यांना आपल्या सवयी बदलाव्या लागल्या. वाफ ज्या तड्यांतून येते ते तडे चिखलाने बुजतात, म्हणून वाफेच्या पट्ट्यात चिखलाऐवजी दाबाखालील हवेने वेधन करण्यात येऊ लागले. खडक कठीण असल्याने बिट लवकर झिजत. सु. २४०° से. तापमानाला नेहमीचे सिमेंट ठिसूळ होते आणि केसिंग प्रसरण पावून वाकते. अशा अडचणींतून मिश्रणे बदलत गेली व ‘भूतापीय विहीर’ हा वेगळा प्रकार घडला. याच कंपनीने पुढे फिलिपीन्समधील तिवी व माक-बान ही क्षेत्रे विकसित केली व १९७९ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली.

गायझर्सच्या वाफेविषयी एक वाद न्यायालयात गेला होता. तेलविहीर वापराबरोबर रिती होत जाते, म्हणून तेल उत्पादकांना अमेरिकेत करात सवलत मिळे. वाफेच्या उत्पादकांनीही ती मागितली. वाफ हा ‘वायू’ आहे काय आणि ती संपणारी आहे काय, असे दोन प्रश्न उभे राहिले. सरकारी पक्षाच्या मते पृथ्वीची उष्णता अखंड असल्याने वाफही अखंड होती. कर-न्यायालयाने १९६९ मध्ये दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी दिली व १९७२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्याच वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, व्हाइटिंग व रॅमी या दोन तेल अभियंत्यांनी तेलसाठ्याचा ताळेबंद वाइराकेईला लावून दाखविला होता. द्रवाच्या हिशेबाला त्यांनी उष्णतेचा हिशेब जोडला. हेन्री रॅमी यांनी पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात या विषयाची परंपराच निर्माण केली. या ताळेबंदाचा इशारा असा की, उष्णता खडकात शिल्लक असली, तरी ती वाहून आणणारे पाणी संपू शकते.

वीजकेंद्रे मात्र एकामागून एक उभी राहत गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गायझर्सची स्थापित क्षमता सु. २,००० मेगॅवॉट झाली आणि त्याच वेळी वाफेचा दाब झपाट्याने उतरू लागला. एकाच साठ्यावर अनेक उत्पादक, प्रत्येकाला आधी काढून घेण्याची घाई, ही तेलक्षेत्रातील जुनीच व्याधी येथे पुन्हा उद्भवली होती. उपकरणे व गणित यांच्याबरोबर तीही आली, असे म्हणावे लागते. उपायही तेलक्षेत्रातलाच निघाला. तेलसाठ्याचा दाब टिकविण्यासाठी त्यात पाणी सोडतात, तसे येथेही सोडावयाचे ठरले. जवळच्या गावांचे शुद्धीकरण केलेले सांडपाणी १९९७ पासून आणि सांता रोझा शहराचे २००३ पासून नळाने आणून खडकात सोडण्यात येऊ लागले. उतरण मंदावली. पाणी सोडण्याबरोबर लहान भूकंपांची वारंवारता वाढल्याची तक्रार तेथील रहिवाशांनी केली व मापनांनी तिला दुजोरा मिळाला.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. कठीण व तप्त खडकासाठी टिकाऊ बिट हवे म्हणून अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९७० च्या दशकापासून कृत्रिम बहुस्फटिकी हिऱ्याच्या चकत्या बसविलेल्या बिटांवर भूतापीय कार्यक्रमाखाली संशोधन केले. त्याचा लाभ प्रथम तेल उद्योगालाच झाला. आज जगातील बहुतेक तेलविहिरी अशाच बिटांनी खोदल्या जातात.

कोरडा तप्त खडक : नैसर्गिक वाफ वा तप्त पाणी मोजक्याच ठिकाणी सापडते, कोरडा तप्त खडक पुरेशा खोलीवर सर्वत्र आहे. लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात अशी योजना मांडली की, ग्रॅनाइटात एक विहीर खोदून दाबाने तडे पाडावेत, दुसरी विहीर त्या तड्यांत नेऊन पोहोचवावी आणि एकीतून थंड पाणी सोडून दुसरीतून तप्त पाणी घ्यावे. न्यू मेक्सिको राज्यातील फेंटन हिल येथे हा प्रयोग झाला. सु. तीन किमी. खोलीवरील पहिल्या लहान साठ्यातून १९७७ पासून पाणी फिरविण्यात यश आले. अधिक खोल अशा दुसऱ्या टप्प्यासाठी दोन तिरप्या विहिरी एकीखाली एक अशा खोदल्या. गाळखडकांतील अनुभवावरून तडे उभे पडतील व दोन्ही विहिरींना जोडतील, अशी अपेक्षा होती. डिसेंबर १९८३ मध्ये सु. २१,००० घ. मी. पाणी दाबाने सोडण्यात आले, तरी विहिरी जोडल्या गेल्या नाहीत. सूक्ष्म भूकंपांच्या नोंदींवरून तडे भलत्याच दिशेने गेल्याचे दिसले. खडकाला नवा उभा तडा गेला नव्हता; त्याच्यातील जुन्या, सांधलेल्या भेगाच उघडल्या होत्या. अखेर १९८५ मध्ये एका विहिरीचा खालचा भाग सोडून देऊन तो सूक्ष्म भूकंपांच्या पुंजक्यात पुन्हा खोदण्यात आला आणि जोड साधली. आधी तडे पाडावेत, ते कोठे गेले ते ऐकावे आणि मग दुसरी विहीर खोदावी, हा क्रम त्यानंतर रूढ झाला.

१९८७ मध्ये याच धर्तीचा यूरोपीय प्रकल्प फ्रान्समध्ये सूल्त्स-सू-फोरे येथे सुरू झाला. हे गाव पेशेलब्रॉनच्या जुन्या तेलक्षेत्रातच मोडते. तेथील तेलविहिरींत खोलीबरोबर तापमान नेहमीपेक्षा बरेच वेगाने वाढते हे पूर्वीच नोंदविले गेलेले होते. तेल काढणाऱ्यांना ती केवळ एक अडचण वाटली होती. सूल्त्स येथे विहिरी पाच किमी. खोल नेण्यात आल्या व २००८ मध्ये दीड मेगॅवॉटचे केंद्र उभे राहिले. एवढ्या खोदकामाच्या मानाने हे फळ लहान होते.

ते लहान का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एक किग्रॅ. खनिज तेल जाळले असता सु. ४२ मेगॅजूल उष्णता मिळते. एक किग्रॅ. तप्त पाणी १००° से. ने निवविले असता सु. ०·४२ मेगॅजूल, म्हणजे तेलाच्या शंभरावा हिस्सा मिळतो आणि त्यातलाही लहानसाच भाग विजेत रूपांतरित होतो. म्हणून भूतापीय विहीर तेलविहिरीच्या कित्येक पट वाहिली पाहिजे, तरच तिचा खर्च निघतो. तिचा व्यास मोठा ठेवावा लागतो व पोलाद, सिमेंट सर्वच वाढते. दिवसाला १,००० पिंपे (बॅरल) देणारी तेलविहीर चांगली समजतात. नेव्हाडा राज्यात ‘फर्व्हो एनर्जी’ या कंपनीने २०२३ मध्ये केलेल्या चाचणीत विहिरीतून सेकंदाला ६३ लिटर पाणी वाहिले. पिंपांत मोजल्यास हा प्रवाह दिवसाला ३४,००० हून अधिक भरतो. त्यातून मिळालेली वीज सु. साडेतीन मेगॅवॉट होती.

या चाचणीचे महत्त्व तिच्या रीतीत आहे. शेल खडकातील वायू काढण्यासाठी अमेरिकेत १९९० च्या दशकापासून आडवी विहीर खोदून तिच्या लांबीभर टप्प्याटप्प्याने तडे पाडण्याचे तंत्र परिपक्व झाले होते. कंपनीच्या एका संस्थापकाने तेलविहिरींच्या वेधनाचे काम केलेले होते. तिने सु. २·३ किमी. खोलीवर तप्त खडकात सु. एक किमी. लांबीच्या दोन आडव्या विहिरी खोदून त्या असंख्य तड्यांनी जोडल्या आणि प्रकाशीय तंतूच्या तारेने प्रत्येक टप्प्यावरील प्रवाह मोजला. यूटा राज्यात मिलफर्डजवळ अमेरिकी ऊर्जा खात्याच्या ‘फोर्ज’ या प्रयोगक्षेत्रात ग्रॅनाइटात असेच प्रयोग झाले व त्यांची मापने सर्वांना खुली ठेवण्यात आली. फेंटन हिलला जे एका मोठ्या तड्याकडून अपेक्षिले होते, ते येथे अनेक लहान तड्यांत वाटून देण्यात आले.

भूकंपांचा प्रश्न : खडकात दाबाने पाणी सोडले की जुन्या विभंगांवरील घर्षण कमी होते आणि साठलेला ताण मोकळा होऊ शकतो. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ एका शस्त्रास्त्र कारखान्याचे दूषित पाणी १९६२ पासून खोल विहिरीत सोडण्यात आले, तेव्हा भूकंपांची मालिकाच सुरू झाली. त्याच राज्यातील रेंजली तेलक्षेत्रात अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९६९–७३ मध्ये मुद्दाम दाब वाढवून व कमी करून भूकंप सुरू व बंद करता येतात, असे दाखवून दिले. म्हणजे धोका ठाऊक होता. तरीही बाझेल (स्वित्झर्लंड) येथे, १३५६ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या वस्तीतच, विहीर खोदून पाणी सोडण्यात आले. ८ डिसेंबर २००६ रोजी ३·४ परिमाणाचा धक्का बसला, नुकसानभरपाईचे दावे आले व २००९ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५·५ परिमाणाचा भूकंप होऊन अनेक लोक जखमी झाले. सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये तो जवळच्या भूतापीय प्रकल्पातील पाण्याने चाळविला गेल्याचा निष्कर्ष काढला. तेथे विहिरीने अज्ञात विभंग छेदला होता. ठरावीक परिमाणाचा धक्का बसताच पंप मंद वा बंद करण्याची पद्धत पाळणारांनाही पोहांगने अस्वस्थ केले, कारण मोठा धक्का पंप थांबविल्यानंतर सु. दोन महिन्यांनी बसला होता.

कार्बन साठवण : खडकात वायू भरून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. कॅनडातील ऑंटॅरिओ प्रांतात १९१५ मध्ये रित्या झालेल्या वायुक्षेत्रात नैसर्गिक वायू साठविण्यात आला होता. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र प्रथम तेलासाठीच खाली गेला. टेक्ससच्या स्करी परगण्यातील तेलक्षेत्रात १९७२ पासून तो सोडण्यात येऊ लागला. दाबाखाली तो तेलात मिसळतो, तेल पातळ होते व खडकाला चिकटून राहिलेला अंश वाहू लागतो. कॅनडातील वेबर्न येथे २००० पासून सु. ३२० किमी. दूरच्या कोळसा-वायू कारखान्यातून नळाने आणलेला वायू याच कामी वापरला गेला. वायूचा बराच भाग खडकात राहतो हे खरे; पण त्यामुळे निघालेले तेल पुढे जाळलेच जाते, आणि अशा योजनांची गणना निव्वळ साठवणीत करताना हा हिशेब अनेकदा वगळलेला आढळतो.

केवळ पुरण्यासाठी पुरण्याचे पहिले मोठे काम नॉर्वेने केले. उत्तर समुद्रातील स्लाइप्नर क्षेत्राच्या नैसर्गिक वायूत सु. ९% कार्बन डाय-ऑक्साइड होता. विक्रीसाठी तो बराच कमी करणे आवश्यक होते. वेगळा काढलेला वायू हवेत सोडला, तर १९९१ मध्ये बसविलेला कार्बन-कर भरावा लागे. म्हणून १९९६ पासून दर वर्षी सु. दहा लक्ष टन वायू समुद्रतळाखाली ८०० ते १,००० मी. खोलीवरील उट्सिरा नावाच्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात सोडण्यात येऊ लागला. खोली सु. ८०० मी. हून अधिक घेण्यास कारण आहे. ३१° से. व ७३·८ बार यांपलीकडे हा वायू द्रवासारखा घन होतो व थोड्या जागेत मावतो. तथापि पाण्यापेक्षा तो हलकाच राहतो, म्हणून वर चढू पाहतो. वर शेलसारखा अपार्य खडक झाकणासारखा असावा लागतो.

स्लाइप्नरची खरी देणगी म्हणजे तेथील पाहणी होय. १९९९ मध्ये व नंतर वेळोवेळी ध्वनितरंग पाठवून घेतलेल्या चित्रांत वायू एकाच पुंजक्यात न राहता एकावर एक अशा नऊ थरांत पसरलेला दिसला. मधले शेलचे पातळ पापुद्रे त्याला अडवतील असे वाटले होते. त्यांतून तो तीन वर्षांच्या आत वरच्या थरापर्यंत पोहोचला होता. मुख्य झाकण मात्र अभंग होते. सर्वत्र असे घडले नाही. नॉर्वेच्याच स्नोव्हित क्षेत्रात २००८ मध्ये सुरू केलेल्या साठवणीत दाब अपेक्षेहून लवकर वाढला व २०११ मध्ये दुसऱ्या थराचा आश्रय घ्यावा लागला. अल्जीरियातील इन सालाह येथे २००४ ते २०११ या काळात सु. ३८ लक्ष टन वायू पुरल्यावर विहिरींवरील वाळवंटी जमीन काही मिलिमीटरांनी उचलली गेल्याचे उपग्रहांवरून दिसले आणि झाकणाच्या खालच्या भागात तडे गेल्याच्या शंकेने काम थांबविण्यात आले. दोन्हींत हॉर्नरच्या चाचणीचेच तत्त्व उलट्या दिशेने लागू पडत होते. उपशात उतरणारा दाब उत्पन्न घटवितो, तर भरणीत चढणारा दाब खडक फोडू शकतो. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली सु. २,६०० मी. खोलीवर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या साठवणीत ब्रेव्हिक येथील सिमेंट कारखान्याचा वायू जहाजाने आणून सोडण्यात येतो.

या कामाचे आकारमान ध्यानात घेतले पाहिजे. जीवाश्म इंधनांपासून जगात वर्षाला सु. ३,७०० कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. तो सर्व द्रवाइतका घन करून पुरावयाचा म्हटले, तर त्याचे घनफळ जगातील वार्षिक तेल उत्पादनाच्या सु. नऊपट होईल. तेल उद्योगाला आपले आजचे आकारमान गाठण्यास दीड शतक लागले. म्हणून सर्व उत्सर्जन पुरण्याची भाषा व्यवहार्य नाही. सिमेंट व पोलाद यांसारख्या ज्या उद्योगांतून हा वायू टाळणे दुष्कर आहे, त्यांच्यापुरता हा मार्ग विचारात घेणे अधिक योग्य ठरते.

दुसरा प्रश्न जुन्या विहिरींचा आहे. रिते तेलक्षेत्र साठवणीस सोयीचे, कारण त्याच्या झाकणाने लक्षावधी वर्षे तेल व वायू धरून ठेवलेले असतात. परंतु तेथेच झाकणाला सर्वाधिक भोकेही पाडलेली असतात. कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन या वायुसाठ्यातील एक विहीर १९५० च्या दशकात तेलासाठी खोदलेली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिचे केसिंग फुटले आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत सु. एक लक्ष टन मिथेन हवेत गेला. हजारो कुटुंबांना घरे सोडून राहावे लागले. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात मिसळून अम्लधर्मी होत असल्याने साध्या सिमेंटाची परीक्षा अधिक कडक असते. यूरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार विहिरी बंद केल्यानंतर सामान्यतः किमान वीस वर्षे जबाबदारी चालकाची असते व मग ती शासनाकडे जाते. अमेरिकेच्या २०१० च्या नियमांत बंदीनंतर सर्वसाधारणपणे पन्नास वर्षे देखरेख अपेक्षिली आहे. तेलविहिरीच्या हिशेबात अशा तरतुदींना पूर्वी स्थान नव्हते.

बेसाल्ट व दख्खन : आइसलँडमधील हेल्लिशेइदी भूतापीय केंद्राजवळ ही दोन्ही कामे एकत्र आली. केंद्राच्या वाफेबरोबर येणारा कार्बन डाय-ऑक्साइड २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडण्यात आला. बेसाल्टातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांच्याशी संयोग होऊन त्याची कार्बोनेटे बनतात. दोन वर्षांच्या आत ९५% हून अधिक वायू असा दगडात बांधला गेल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे झाकणावरचा भार हलका होतो, कारण वायू पाण्यात विरघळलेला असल्याने वर चढत नाही. मात्र एक टन वायूमागे सु. २५ टन पाणी लागते. वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ मध्ये सु. १,००० टन वायू पाण्यात न विरघळविता, घन स्थितीतच बेसाल्टात सोडण्यात आला व तेथेही कार्बोनेटाच्या गाठी आढळल्या.

बेसाल्टाच्या उल्लेखाने महाराष्ट्राचा विचार अपरिहार्यपणे येतो. दख्खनचा लाव्हा सु. पाच लक्ष चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेला असून त्याच्या साठवणक्षमतेचा विचार राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने केला आहे. आइसलँडचा दाखला येथे तसाच्या तसा लावता येत नाही. दख्खनच्या लाव्हाथरांतील सच्छिद्र व विदीर्ण भाग हेच भूजलाचे स्थान असून शेतकऱ्यांच्या विहिरी त्यांवरच अवलंबून आहेत. वर्षातील बरेच महिने टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत टनामागे पंचवीस टन पाणी कोठून आणावयाचे, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या बाहेरचा आहे. शिवाय जाडी सर्वत्र सारखी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मी. खोल छिद्रात बेसाल्ट ३३८ मीटरांवरच संपला. द्रवासारख्या घन स्थितीसाठी लागणारी ८०० मी. खोली तेथे लाव्हात मिळतच नाही.

भारतातील भूतापीय प्रयत्न अजून आरंभीच्या अवस्थेत आहेत. कोकणातील वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूर येथील उन्हाळी परिचित आहेत, पण त्यांचे तापमान विजेच्या दृष्टीने बेताचेच आहे. लडाखमधील पुगा खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात उथळ विहिरी खोदून तप्त पाणी असल्याचे दाखविले होते. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने (ओएनजीसी) २०२१ मध्ये तेथे एक मेगॅवॉटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार केला. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘बाँबे हाय’चे तेल शोधणारी हीच संस्था होय. गुजरातमधील कोयली तेलशुद्धीकरण कारखान्याचा कार्बन डाय-ऑक्साइड गंधार तेलक्षेत्रात सोडण्याविषयी तिने २०१९ मध्ये इंडियन ऑइलशी करार केला. त्याचाही पहिला हेतू अधिक तेल मिळविणे हाच आहे.

१० डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप (परिमाण ६·३) हे जलाशयातील पाण्याने चाळविलेल्या भूकंपांचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. दाबाखालील पाणी व विभंग यांच्या परस्परसंबंधाचा जो प्रश्न बाझेल व पोहांग येथे उभा राहिला, तो येथे त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. त्याच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात ३,०१४ मी. खोल प्रायोगिक छिद्र घेण्यात आले व ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. सु. १,२५० मी. जाडीचा लाव्हा ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात गेले आहे. पेशेलब्रॉनला १९२७ मध्ये हाताने घेतलेल्या नोंदींपासून वाढत आलेल्या मापनपद्धती त्यात सोडण्यात आल्या. तेल, वाफ वा साठवण यांपैकी कशासाठीही ते छिद्र घेतलेले नव्हते. दख्खनच्या लाव्हाखालील खडकाची या खोलीपर्यंतची प्रत्यक्ष मापने त्यातून प्रथम हाती आली.